चूक समुद्रात

पृथ्वी सोलली तर चोवीस फाका निघतात. संत्र्याला कमी निघतात, पण आकार तोच: मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. आमच्याकडे हे सगळ्यांना शाळेत जायच्या आधीच माहीत असतं, कारण आमचं घर पृथ्वीचे गोल बनवतं. बाबा नकाशा छापतात आणि फाका कापतात. आई त्या फाका कागदाच्या लगद्याच्या गोळ्यावर चिकटवते. मी वॉर्निश देते, आस बसवते, उभा करायला लाकडी बैठक लावते. दादा काहीच करायचा नाही. तो ओल्या गोलावर बोट ठेवून "मी इथे जाणार" म्हणायचा, आईचा मार खायचा, बोटाचा डाग तसाच राहायचा. आणि एकदा खरंच गेला.

एकदा खरंच गेला, आणि गेला तोसुद्धा कुठे, तर जिथे आमच्या गोलावर काहीच नव्हतं.

हे समजायला आधी खिडकी समजली पाहिजे. आमच्या कारखान्याला, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीला, एक रुंद खिडकी आहे. गिऱ्हाईक आलं की बाबा तयार गोल उन्हात धरतात आणि त्यांचं ठरलेलं बोलणं सुरू होतं.

"ऊन जागचं हलत नाही. हलतो आपण. हा असा, पश्चिमेकडून पूर्वेकडे. ही फाक उन्हासमोर आली, हिची दुपार झाली. तासाभराने तिच्या शेजारची पश्चिमेकडची फाक समोर येईल, मग तिची दुपार. एक फाक पंधरा अंशांची, पंधरा अंश म्हणजे एक तास. चोवीस फाका, चोवीस तास, संपली पृथ्वी."

"म्हणजे प्रत्येक गावाची दुपार वेगळी?" गिऱ्हाईक विचारतं. विचारलं नाही तर बाबा स्वतःच विचारतात.

"प्रत्येक गावाचीच काय, प्रत्येक घराची. तुमच्या स्वयंपाकघरात दुपार होते त्यानंतर एक निमिषाने तुमच्या ओसरीवर होते. पण तेवढं काटेकोर राहायचं ठरवलं तर बायकोशीसुद्धा भेटीची वेळ जमायची नाही. म्हणून माणसांनी ठरवलं, साधारण एका फाकेत एकच घड्याळ. पूर्वेचे पुढे, पश्चिमेचे मागे. आणि जिथे सगळ्यांत पुढचा आणि सगळ्यांत मागचा पाठीला पाठ लावून उभे राहतात, तिथे मोठ्या समुद्रात एक रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला बुधवार, दुसऱ्या बाजूला मंगळवार. घड्याळ तेच, वार वेगळा."

तोवर गिऱ्हाइकाचं पोर गोल गरागरा उलटा फिरवत असतं, आणि बाबा त्याचा हात धरतात.

"उलटा नाही रे राजा. काल परत येत नसतो."

•

काल परत येत नसतो, पण चूक येते. ती प्रत्येक गोलाबरोबर नव्याने येते.

खळ लागली की कागद वाढतो. कोरडी फाक मापात असते, ओली झाली की केसभर रुंद होते. पहिली फाक रेघेवर बसते. दुसरी तिच्यावर किंचित चढते. तिसरी अजून थोडी. आई बोटांनी दाबते, लाकडी पट्टीने सुरकुत्या बाहेर ढकलते, पण केसभर केसभर करत शेवटच्या फाकेपाशी येईतो वीतभर भांडण साचलेलं असतं. शेवटची फाक मावत नाही. मग तिची कड पहिल्या फाकेवर चढवायची, आणि खाली जे जाईल ते जाऊ द्यायचं.

आजीने, म्हणजे आईच्या सासूने, तिला लग्नानंतर पहिलं काही शिकवलं असेल तर हे: "चूक समुद्रात घालायची. जमिनीवर घातलीस तर कुणाचं तरी गाव जातं आणि तो माणूस गोल घेऊन परत येतो. समुद्रात कुणी येत नाही विचारायला."

म्हणून आमचा सांधा नेहमी मोठ्या समुद्रात, त्या वाराच्या रेघेवर.

दादाला नोकरी लागली ती हवामान मोजणाऱ्या ठाण्यावर. एका बेटावर. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, समुद्रात उतरून भरतीची उंची दाखवणारा खांब वाचायचा. आईने बेट शोधायला मांडणीवरचा गोल काढला. मग दुसरा काढला. तिसऱ्यावर बाबा खाकरले.

"सापडायचं नाही ते. सांध्याखाली आहे."

आईने पट्टीच्या टोकाने सांधा खरवडून पाहिला. कागदाखाली कागद, त्याखाली खळ.

"म्हणजे मी जाणार तिथे तू आधीच झाकण लावून ठेवलंयस," दादा म्हणाला.

"मग जाऊ नकोस."

"गेलो की आतून ठोकीन. ऐकू आलं तर उघड."

"आगाऊ मेला," आई म्हणाली. दादा दिवस भरण्याआधीच जन्मला होता, त्यामुळे हे नाव त्याला पाळण्याच्याही आधी मिळालं होतं. आणि आता तर तो आमच्यापुढे सात तास राहायला चालला होता.

•

सात तास. आई घड्याळाकडे बघायची नाही, फाका मोजायची. खळीने माखलेल्या बोटांनी आमच्या फाकेपासून उजवीकडे एक, दोन, तीन करत सांध्यापर्यंत जायची आणि म्हणायची, "जेवला असेल." किंवा, "आता बसला असेल पाय पसरून."

तो फोन करायचा तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं.

"आई, आजचा दिवस बघून ठेवलाय मी. ठीक आहे. तू ये खुशाल."

आईला हे इतकं आवडायचं की एखाद्या दिवशी तो विसरला तर ती स्वतःच विचारायची, "काय रे, कसा आहे आजचा दिवस? येऊ का?"

माझ्याशी बोलताना तो मला वॉर्निश म्हणायचा. "वॉर्निश, आईला सांग, इथे तिच्या नकाशात आहे त्यापेक्षा बरीच जास्त जागा आहे. तीन नारळ आणि एक शिडी."

•

ती शिडी. आणि तो बुधवार.

आमच्याकडे सकाळ होती. मी मागच्या अंगणात गोल वाळत घालत होते. आत फोन वाजला. आई मोठ्या गोलावर शेवटची फाक बसवत होती. तिने कोपराने फोन जवळ ओढला, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. मला दारातून तिची पाठ दिसत होती.

"बोल रे. हो. कसा आहे दिवस?"

मग ती हसली. मग

(इथे कागदावर कागद आलाय. मी त्या वेळी एक गोल घेऊन उन्हाच्या बाजूला गेले होते.)

"…अरे, हातात ओली फाक आहे, वाळली तर फाटेल. नंतर कर. नंतर."

आणि तिने मान सरळ केली. फोन खाली पडला, तिने तो पायाने सरकवला आणि दोन्ही हातांनी फाक दाबली.

•

नंतर. नंतर म्हणजे गुरुवार. गुरुवारी सकाळी त्याच सुमाराला आईने हात धुतले, पुसले, आणि स्वतःच फोन लावला. वाजत राहिला. तिने परत लावला. "गेला असेल खाली," ती म्हणाली. दुपारपर्यंत ती अधूनमधून लावत होती.

शुक्रवारी ठाण्याच्या प्रमुखांचा फोन आला. वादळामुळे तिकडून बाहेर फोन लागत नव्हता, म्हणून उशीर झाला, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. उशिराची माफी मागत होते. जणू वेळेत कळलं असतं तर काही वेगळं कळलं असतं.

बाबांनी फोन घेतला होता. मी शेजारी होते, आवाज बाहेर येत होता. भरतीचा खांब वाचायला शिडीने खाली उतरत होता. लाट मोठी होती. वरच्या माणसाने हाक मारली, पण पुढचं त्याने पाहिलं ते शिडी रिकामी. दोन दिवस होडी फिरवली. नाही मिळाला.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"बुधवारी. दुपारी चारच्या सुमाराला."

बाबांनी फोन ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. मला कळलं ते काय करताहेत, कारण मीही तेच करत होते. चार वजा सात. उजवीकडून डावीकडे, फाक फाक मागे.

•

फाक फाक मागे येत होते बाबा, आणि आई दारात उभी होती.

रडणं नंतर झालं, किंवा आधीच झालं असेल, मला क्रम आठवत नाही. शेजारी आले, गेले. कुणीतरी चहा केला, कुणीतरी तो ओतून दिला. आठवतं ते हे: संध्याकाळचं ऊन अजून मांडणीवर होतं, आणि आई उठून कारखान्यात आली, बाबांसमोर बसली, आणि तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"अहो, बुधवारी म्हणाले ना ते?"

"हो."

"बुधवार त्यांचा की आपला?"

बाबांनी मांडणीवरच्या गोलांकडे पाहिलं.

"मला एवढंच सांगा. माझ्याशी बोलणं झालं आणि तो लगेच खाली उतरला का? की तो दिवस नीट गेला, आणि हे नंतर झालं? मी त्याला आणखी दोन वाक्यं बोलण्यात ठेवलं असतं, तर ती लाट तो वर असतानाच निघून गेली असती का? तुम्हाला मोजता येतं. मोजा."

चार वजा सात. मला तोंडपाठ होतं. बाबांनाही. तिकडचे बुधवारचे चार म्हणजे आमचे बुधवारचे सकाळचे नऊ. आमचे नऊ म्हणजे शेवटची फाक.

आईने मांडणीवरून गोल काढला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. सांध्यावर बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं. निळं, आणि निळ्यावर निळं.

"बेट रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे?" तिने विचारलं.

बाबांनी आयुष्यात एकही रेघ केसभर वाकडी जाऊ दिलेली नाही. छापताना एक अंश सरकला तर अख्खा गठ्ठा चुलीत घालणारा माणूस.

"पलीकडे," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आपल्या नकाशात रेघ सरळ दिसते," ते सांगत होते, खिडकीपाशी गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात, फक्त सावकाश. "खरी सरळ नाही ती. बेटाबेटाने वळण घेते. कुणाला इकडचा वार सोयीचा, कुणाला तिकडचा. याचं बेट पलीकडे गेलंय. घड्याळ तेच, वार एक मागे. त्यांचा बुधवार दुपारचा म्हणजे आपला गुरुवार सकाळचा."

"म्हणजे गुरुवारी."

"गुरुवारी."

"मी फोन लावत होते तेव्हा."

"हो."

"मग वाजत असेल तो त्याच्या खोलीत."

"वाजत असेल," बाबा म्हणाले. "नक्की वाजत असेल."

आई गोलाकडे बघत राहिली. मग तिने तो हळूहळू उलटा फिरवायला सुरुवात केली, पूर्वेकडून पश्चिमेकडे. बाबांनी तिचा हात धरला नाही.

•

हात धरला नाही, आणि त्यानंतर त्यांनी कुणाचाच धरला नाही. पोरं उलटा गोल फिरवायची, बाबा बघत बसायचे. खिडकीतलं बोलणं बंद झालं. गिऱ्हाइकाने विचारलंच तर म्हणायचे, "चोवीस फाका आहेत. घ्यायचा तर घ्या."

आई मात्र बोलायची. भेटायला येईल त्याला सांगायची. "मी फोन लावत होते हो. तिकडे वाजत होता आणि इकडे मी धरून बसले होते." धाकट्या मावशीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, लगदा देणाऱ्या म्हाताऱ्याला दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी बाबा उठून मागच्या अंगणात जायचे, आणि तिथे वाळत असलेले, अजिबात न हललेले गोल परत नीट लावायचे.

"बाबा," मी एकदा म्हटलं, "तिला बरं वाटतंय."

"हो."

"मग तुम्ही का असे वाळत चाललाय?"

"मी रेघ हलवली गं," ते म्हणाले. "आता कुठली सरळ मारू?"

•

कुठली सरळ मारू म्हणत होते, तेवढ्यात शाळेचं काम आलं. मोठा गोल हवा होता, सभागृहात ठेवायला, दोन मुलांनी मिळून कवेत घ्यावा एवढा. बाबांनी नव्याने फाका छापल्या. मी गोळ्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला. आईने खळ शिजवली.

मी बैठक घासत होते, म्हणून सुरुवातीला माझं लक्ष नव्हतं. आई नेहमी सांध्याच्या उजवीकडून सुरू करते. त्या दिवशी तिने पहिली फाक उचलली ती समुद्राची, आणि गोळ्यावर ती बसवली तेव्हा बेट बरोबर मधोमध होतं. त्या मोठ्या नकाशावर ते होतं. तांदळाच्या कणीएवढं, आणि बाबांच्या बारीक टाइपातलं नाव. तिने ते बोटाने नाही, पदराच्या टोकाने दाबलं. मग त्याच्या दोन्ही बाजूंना एक एक फाक. मग पुढची. ती समुद्राकडून जमिनीकडे येत होती, दोन्ही बाजूंनी, आणि साचत जाणारं सगळं केसभर केसभर बरोबर घेऊन येत होती.

बाबा छपाईच्या टेबलावरून उठून जवळ आले. त्यांना माझ्या आधी कळलं.

"अगं, सांधा कुठे आणतेयस? तिथे आपण आहोत."

"माहीत आहे."

"नदी जाईल. गाव जाईल. हे घर जाईल."

"चूक जिथली तिथे," आई म्हणाली.

खळीचं पातेलं चुलीवर खदखदत होतं. कुणी ते उतरवलं नाही.

"कधी कळलं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही पलीकडे म्हणालात तेव्हाच. अहो, तो कधी माझ्या मागे होता का? रोज आधी दिवस बघायचा आणि मग मला बोलवायचा. वाढदिवससुद्धा त्याचा आधी यायचा आणि आपला फोन उशिरा. मागच्या वाराचा माणूस असं कसं म्हणेल, 'ये खुशाल'?"

"मग बोलली का नाहीस?"

आईने फाक सुटू नये म्हणून दोन्ही तळहात गोळ्यावर ठेवले होते. पोटुशी बाई पोटावर ठेवते तसे.

"तुमच्या हिशोबात तो एक दिवस जास्त जगला," ती म्हणाली. "तो दिवस मला हवा होता. सांगत सुटले सगळ्यांना, तेवढाच तो दिवस चालू राहायचा. आता संपला. तुम्ही वाळत चाललात, मग संपवला मी."

बाबा खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर.

•

सांध्याखालचं. आईने त्याच दिवशी सांगितलं, शेवटची फाक हातात असताना, तिच्याकडेच बघत.

"कसा आहे दिवस?"

"ठीक नाही गं आज. लाटा मोठ्या आहेत. तू थोडी थांब, येऊ नकोस एवढ्यात."

ती हसली होती. नेहमीच्या वाक्याचं त्याने आज उलटं केलं म्हणून.

"मग जाऊ नकोस खाली."

"वेळेवर वाचावा लागतो गं खांब. पण मी फोनवर आहे असं दिसलं तर इथली माणसं थोडं थांबतील. बोल ना काहीतरी. वॉर्निश काय करतेय? बाबांनी परत कुणाच्या पोराचा हात धरला का? कायपण सांग. पाच मिनिटं बोल नुसती."

"अरे, हातात ओली फाक आहे, वाळली तर फाटेल. नंतर कर. नंतर."

"बरं. आई, ऐक, मी आतून ठोकतोय हं."

आणि त्याने फोनवर तीनदा टकटक केलं.

आईने शेवटची फाक आमच्या गावावर बसवली. तिची कड नदीवर चढली, रस्त्यावर चढली, आमच्यावर चढली. पट्टीने दाबून तिने खळ बाहेर काढली, बाबांनी खाली बसूनच ओल्या फडक्याने ती पुसली.

•

मी वॉर्निश दिलं. दोन हात, मग तिसरा.

गोल शाळेत गेल्यावर काही दिवसांनी तिथून फोन आला. बाई हसत होत्या, तक्रार नव्हती, मुलांनी पैज लावली होती म्हणे.

"अहो, तुमच्या गोलावर आपलंच गाव सापडत नाहीये."

मला वाटलं बाबा फोन आईकडे देतील, किंवा माझ्याकडे. त्यांनी दिला नाही. उठले, खिडकीपाशी गेले.

"मुलांना सांगा, समुद्रात शोधा आधी," ते म्हणाले. "मोठ्या समुद्रात, वाराच्या रेघेजवळ, अलीकडच्या बाजूला. अलीकडच्या, हं. एक बेट आहे, कणीएवढं. मिळालं?"

तिकडे मुलांचा गलका. मग एक बारीक किंचाळी: मिळालं.

"तिथून डावीकडे यायचं. सात फाका. सावकाश मोजा. मोजताय?"

आई खळीचे हात तसेच धरून ऐकत होती.

"सातवीच्या कडेला हात फिरवा. जरा उंच लागेल, कागदावर कागद आलाय तिथे."

"हो, लागलं!"

"त्याच्या खाली आहोत," बाबा म्हणाले.